रूपसंदिग्धता : लॅटिन प्रत्यय आणि इंग्रजी शब्द

एकच शब्दरूप दोन किंवा अधिक विभक्तींचे काम करते, तेव्हा रूपसंदिग्धता निर्माण होते. एकाच शब्दाला अनेक अर्थ असले की ती अर्थसंदिग्धता. लॅटिन पहिलीसाठी प्रसिद्ध आहे, तर इंग्रजी दुसरीसाठी. शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला पहिली नवी नाही. ‘रामाभ्याम्’ हे रूप तृतीयेचे, चतुर्थीचे की पंचमीचे, हे वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. नपुंसकलिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते (‘फलम्’, ‘फलम्’). हा नियम लॅटिनमध्येही जसाच्या तसा आढळतो, कारण दोन्ही भाषांना तो एकाच पूर्वज भाषेकडून मिळाला आहे.

लॅटिन शिकू लागलेला विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो ‘पुएल्लाय’ या रूपाशी. ‘पुएल्ला’ म्हणजे मुलगी. पण ‘पुएल्लाय’ म्हणजे मुलीचा, मुलीला, मुली किंवा अहो मुलींनो. ‘रोसा पुएल्लाय’ म्हणजे मुलीचा गुलाब. ‘पुएल्लाय रोसाम दो’ म्हणजे मी मुलीला गुलाब देतो. ‘पुएल्लाय रोसास दान्त’ म्हणजे मुली गुलाब देतात. प्रत्यय एकच, पण क्रियापदाचे वचन आणि शेजारचा शब्द मिळून त्याचा अर्थ पक्का करतात. सुट्या रूपांचे तक्ते पाहून लॅटिन भयंकर वाटते. वाक्यात मात्र अर्थ बहुधा लगेच कळतो.

काही घोळ भाषेचे नसून लिपीचे आहेत. रोमन लोक ऱ्हस्व-दीर्घ भेद लेखनात सहसा दाखवत नसत. ‘मलुम’ म्हणजे वाईट गोष्ट आणि ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. रोमन लिपीत दोन्ही एकसारखे दिसतात, देवनागरीत लिहिताच वेगळे होतात.

संदर्भानेही न सुटणारे उदाहरण रोमन कवी एन्निउसच्या एका ओळीत आहे. रोमवर चालून जाऊ पाहणाऱ्या पिऱ्हस राजाला अपोलो देवाने दिलेला कौल असा : ‘आयो ते, आयाकिदा, रोमानोस विंकेरे पोस्से’. ‘आयाकिदा’ हे पिऱ्हसलाच घातलेले संबोधन. ‘ते’ (तुला) आणि ‘रोमानोस’ (रोमनांना) दोन्ही द्वितीयेत आहेत. त्यामुळे ‘तू रोमनांना जिंकू शकशील’ आणि ‘रोमन तुला जिंकू शकतील’ हे दोन्ही अर्थ व्याकरणाला सारखेच मान्य आहेत. ही ओळ उद्धृत करणाऱ्या सिसेरो या रोमन वक्त्याने हा कौल खरा मानला नाही. अपोलो लॅटिनमध्ये कधी बोललाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. मराठीत ‘ला’ असाच पेच टाकतो. ‘त्याला शिकवायचे आहे’ या वाक्यात शिकवणारा तो, की शिकणारा तो? दोन्ही वाचने बरोबर आहेत.

इंग्रजीची वाट वेगळी. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि कर्ता-कर्म ओळखण्याचे काम शब्दक्रमाकडे आले. प्रत्यय गेल्यामुळे एकच रूप नाम आणि क्रियापद म्हणून सहज चालू लागले. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ नोंदले आहेत. ‘बँक’ची गोष्ट निराळी. नदीचा काठ आणि पैशांची पेढी हे एका शब्दाचे दोन अर्थ नव्हेत; हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी इंग्रजीत आले आणि उच्चाराने एक झाले. अनेकार्थी शब्द आणि समोच्चारी शब्द यांच्यातला हा फरक कोशकार काटेकोरपणे पाळतात : पहिल्यासाठी एकच नोंद, दुसऱ्यासाठी स्वतंत्र नोंदी.

इंग्रजीत रूपसंदिग्धता मात्र पुरती संपलेली नाही. ‘ही फेड हर डॉग बिस्किट्स’ या वाक्यात त्याने तिच्या कुत्र्याला बिस्किटे दिली, की तिला कुत्र्याची बिस्किटे खाऊ घातली? मराठीला ‘तिच्या’ किंवा ‘तिला’ यांतले एक निवडावेच लागते. इंग्रजीत ‘हर’ दोन्हीकडे चालते, कारण जुन्या इंग्रजीतले ‘हिरे’ हे रूप षष्ठीचेही होते आणि चतुर्थीचेही, अगदी ‘पुएल्लाय’सारखे.