भेगेचा शेजार

गळीत हंगाम ऐन भरात असताना मिलच्या रोलरचा शाफ्ट तुटला, की साखर कारखान्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कालपर्यंत चांगला चालत होता, अचानक गेला." दुसरं वाक्य, "मटेरियलच हलकं आलंय." तिसरं दबक्या आवाजात, यंदा खंडेनवमीच्या पूजेत काहीतरी राहिलं असणार. पूजा जरूर करावी, पण भेगेला लिंबू-मिरची दिसत नाही. तिला दिसतो फक्त ताण, आणि तो किती वेळा आला याचा हिशेब.

तो हिशेब मोठा असतो. रोलर मिनिटाला ४ फेरे घेतो असं धरा. दिवसाला ५,७६० फेरे, १२० दिवसांच्या हंगामात जवळपास ७ लाख. वाकलेल्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. त्यात जर्नलच्या, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या, कोपऱ्यावर उसाचा आंबट रस झिरपत असेल तर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि भेगा तिथूनच निघतात.

तुटलेल्या तोंडावर टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहा. बराचसा भाग गुळगुळीत दिसतो. त्यावर वाळूत लाटेने सोडाव्यात तशा कमानी असतात. भेग जिथे थांबत गेली किंवा भार बदलला, तिथल्या या खुणा. शेवटी एकदम तुटलेला भाग खरखरीत असतो. तो लहान असेल तर शाफ्टवर भार फारसा जास्त नव्हता, मोठा असेल तर होता. "अचानक" हा शब्द लागू पडतो तो फक्त या खरखरीत भागाला.

बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती खूण म्हणजे कडेवरच्या बारीक, त्रिज्येच्या दिशेने गेलेल्या पायऱ्या. भेग एकच असती तर या पायऱ्या पडल्या नसत्या. कडेला अनेक भेगा वेगवेगळ्या ठिकाणी, किंचित पुढेमागे अशा पातळ्यांवर सुरू झाल्या, वाढत वाढत एकमेकींना भिडल्या, आणि जिथे दोन पातळ्या जुळल्या नाहीत तिथे पायरी राहिली. म्हणजे हे एका भेगेचं काम नव्हतं.

भेगा एकमेकींवर परिणाम करतात तो ताणाच्या वाटेतून. धातूतून ताण पाण्याच्या प्रवाहासारखा जातो अशी कल्पना करा. भेग आडवी आली की प्रवाह तिच्या टोकांना वळसा घालून जातो आणि तिथे दाटतो. अभियंते इंग्लिस यांनी १९१३ साली याचं गणित मांडलं: ५ मिमी खोल खाचेच्या तळाला ५ मिमी गोलाई असेल तर तिथला ताण सुमारे तिप्पट होतो, गोलाई ०.२ मिमी असेल तर सुमारे ११ पट. लेथवर कोपऱ्याची गोलाई नीट न काढणारा टर्नर नकळत हाच आकडा वाढवत असतो.

आता एकाच रेषेत, दर २० मिमीवर एक, अशा भेगांची लांबच लांब रांग घ्या. प्रत्येक भेग ४ मिमी असेल तर शेजारामुळे टोकावरचा जोर जेमतेम २ टक्के वाढतो. १० मिमी झाल्यावर १३ टक्के. १६ मिमी झाल्यावर मात्र ५७ टक्के, कारण वळसा घालणाऱ्या ताणाला मध्ये उरलेल्या ४ मिमीच्या पट्टीतूनच जावं लागतं. अभियंते पॅरिस यांच्या १९६३ च्या नियमानुसार पोलादात भेग वाढण्याचा वेग या जोराच्या साधारण तिसऱ्या घातात जातो: १.५७ चा घन जवळपास ३.९. शेजारणी बराच काळ अनोळखी असतात, आणि मग एकदम धावत सुटतात. १९८८ साली अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं छत उडालं, ते रिव्हेटच्या भोकांमधल्या अशाच बारीक भेगा जुळून.

याच भेगा एकीमागे एक, समांतर रचल्या तर उलटं घडतं. पुढचीच्या सावलीत मागची सापडते आणि दोघींच्या टोकांवरचा जोर कमी होतो.

रेषा थोडी चुकलेल्या दोन भेगा समोरासमोर आल्या तर गंमत बघण्यासारखी असते. जवळ येताना त्या एकमेकींपासून किंचित दूर वळतात. टोकं एकमेकींना ओलांडून गेली की मात्र दोघी झटकन आत वळतात. भेगेच्या उघड्या बाजूला काटकोनात ताण उरलेला नसतो, तिला समांतर असलेलाच उरतो. नवं टोक सर्वांत मोठ्या ताणाला आडवं जातं, म्हणून ते शेजारणीच्या कुशीत जवळजवळ काटकोनात शिरतं. मध्ये डोळ्याच्या आकाराचा तुकडा सुटतो. तळं आटल्यावर चिखलात पडलेल्या भेगा काटकोनात जुळतात, त्या याच नियमाने.

२०२३ साली "धातू स्वतःची भेग भरतो" अशी बातमी फिरली होती. प्रयोग खरा होता, पण तो ४० नॅनोमीटर जाडीच्या प्लॅटिनमवर, निर्वातात झालेला. रसात भिजलेल्या शाफ्टच्या भेगेत हवा, पाणी आणि गंज असतो. तिथे काही भरून येत नाही.

त्यामुळे बिगर हंगामात डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे भेगेत रंग शिरवून ती उघडी पाडणारी तपासणी, करावीच लागते. त्याआधी ग्राइंडर मारला तर धातू पसरून भेगेचं तोंडच बुजतं, म्हणून सॉल्व्हंटने साफ करावं. लाल डाय लावून १० ते २० मिनिटं थांबावं. जादा डाय क्लीनरने ओलसर केलेल्या कापडाने पुसावा, क्लीनर थेट शाफ्टवर फवारला तर भेगेतलाही डाय धुऊन जातो. मग डेव्हलपर, म्हणजे भेगेतला डाय बाहेर ओढणारी पांढरी पूड, मारून १० मिनिटांनी बघावं.

दिसलेल्या रेषा सुट्या मोजण्याची चूक इथे नेहमी होते. ६ आणि ४ मिमीच्या दोन रेषा एकाच ओळीत, मध्ये ३ मिमी अंतर, तर अहवालात "दोन किरकोळ खुणा" असं येतं. अंतर लहान भेगेपेक्षा कमी असेल तर सावध हिशेब त्यांना एकच भेग धरतो, ६ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १३ मिमी. भार तोच ठेवला तर ६ मिमीच्या भेगेपेक्षा तिचा वेग तिपटीहून जास्त निघतो.