हॉट हॅच : परवडणारी चपळ गाडी आणि विद्युतीकरण

हॉट हॅच म्हणजे रोजच्या वापरातल्या लहान हॅचबॅकच्याच सांगाड्यावर जास्त ताकदीचे इंजिन, कडक सस्पेन्शन, रुंद टायर आणि मोठे ब्रेक बसवून केलेली चपळ गाडी. निव्वळ स्पोर्ट्स कार घ्यायची तर बहुतेकांना घरात दुसरी गाडी लागते. हॉट हॅच घरातली एकुलती एक गाडी असू शकते. मागची सीट पाडली की तिच्यात कपाटही मावते, आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी वळणावळणाच्या रस्त्यावर चालवणाऱ्याला खुलवते. ही दोन्ही कामे सामान्य पगारदाराच्या खर्चात होतात, यातच या प्रकाराचा प्राण आहे. विद्युतीकरणाने, म्हणजे पेट्रोल इंजिनाऐवजी बॅटरी आणि मोटर आल्याने, धक्का बसला आहे तो या परवडण्याला.

या घराण्याची पूर्वज म्हणून 1961 ची मिनी कूपर सांगता येते. तिच्या ‘एस’ आवृत्तीने 1964, 1965 आणि 1967 साली माँटे कार्लो रॅली जिंकली. प्रकाराला रूप आणि लौकिक मिळाला तो मात्र फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. 1975 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि 1976 मध्ये विक्रीला आली. 1.6 लिटरचे इंजिन, 110 अश्वशक्ती आणि आठशे किलोच्या थोडेसे वर वजन. कंपनीने फक्त 5,000 गाड्यांचा अंदाज बांधला होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. इंजिनासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही, कारण ते समूहातल्याच ऑडी 80 जीटीईकडून आले होते. हाताशी असलेले सुटे भाग हुशारीने जुळवायचे, हे स्वस्ताईमागचे खरे गणित होते. 1984 च्या प्यूजो 205 जीटीआयने त्याच गणितातून आजही आदर्श मानली जाणारी गाडी घडवली.

आजच्या हॉट हॅच त्या काळच्या मानाने खूप जड आहेत, पण हे वजन बॅटरीमुळेच वाढले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अपघातात टिकणारा सांगाडा, एअरबॅग, वातानुकूलन आणि दर पिढीगणिक वाढणारे आकारमान यांमुळे पेट्रोलवरच्या आठव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयचे वजन 1,400 किलोच्या घरात गेले आहे. ही वाढ सुरक्षिततेसाठी बरीचशी अटळ होती, तरी चपळाईची किंमत त्यात मोजावी लागली.

पेट्रोल हॉट हॅच युरोपात मागे पडण्याचे मोठे कारण म्हणजे कार्बन डायऑक्साइडची मर्यादा. युरोपीय संघ प्रत्येक उत्पादकाने विकलेल्या सर्व नव्या गाड्यांची सरासरी पाहतो. लक्ष्य ओलांडले, तर प्रत्येक जादा ग्रॅममागे, प्रत्येक गाडीमागे 95 युरो दंड असतो. 2025 चे लक्ष्य सुमारे 94 ग्रॅम प्रति किलोमीटर धरले, तर 150 ग्रॅम सोडणारी एक गाडी हिशेबात सुमारे 5,300 युरोंचे ओझे आणते. महागड्या गाडीत ते पचून जाते, स्वस्त गाडीचा नफा मात्र त्यात पुरा बुडतो. भरीला खरेदीदार उंच क्रॉसओव्हरकडे, म्हणजे एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्यांकडे, वळले. फोर्ड फिएस्टाचे उत्पादन जुलै 2023 मध्ये थांबले आणि तिच्याबरोबर तिची लाडकी हॉट हॅच ‘एसटी’ आवृत्तीही गेली. पेट्रोलवरच्या ह्युंदाई आय20 एन आणि आय30 एन यांनीही 2024 मध्ये युरोपचा निरोप घेतला.

विजेने या प्रकाराचे जुने समीकरण उलटे केले आहे. पूर्वी हलकेपणा आपोआप मिळायचा, ताकदीसाठी पैसे मोजावे लागायचे. आता ताकद स्वस्त आहे आणि हलकेपणा महाग. विद्युत मोटर थांबल्या जागेपासून पूर्ण पीळ (टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर) देते आणि तिची क्षमता वाढवणे इंजिनाच्या मानाने सोपे आहे. 2023 ची विजेवरची एमजी4 एक्सपॉवर 435 अश्वशक्तीच्या जोरावर 3.8 सेकंदांत ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठते, आणि तरीही ती कौटुंबिक हॅचबॅकच आहे. सरळ रेषेतला वेग अशा रीतीने सहजसाध्य झाल्यावर हॉट हॅचचे वेगळेपण वळणातच शोधावे लागते, आणि तिथे वजन आडवे येते.

रेनोच्या स्पोर्ट्स ब्रँडची, 2024 ची विजेवरची अल्पीन ए290 हे या पेचाचे प्रामाणिक उत्तर आहे. 52 किलोवॅट-तासांची बॅटरी, 220 अश्वशक्तीपर्यंत ताकद आणि सुमारे 1,480 किलो वजन. विजेच्या गाडीसाठी हे वजन कौतुकास्पद आहे. फ्रान्समध्ये 2024 साली बाजारात येतानाची 38,700 युरोंपासूनची किंमत मात्र तरुण खरेदीदाराच्या आवाक्याबाहेरची होती. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली राहतो, घसरणारे चाक मोटर इंजिनापेक्षा फार लवकर सावरते. पण जड गाडीला कडक स्प्रिंग लागतात, टायर लवकर झिजतात, आणि ऊर्जा परत मिळवणारे ब्रेकिंग व घर्षणाचे ब्रेक यांचा मेळ पायाखाली एकजीव वाटेल असा बसवणे कठीण असते.

कृत्रिम आवाज आणि खोटे गिअर यांवर पुष्कळ टीका होते. अबार्थ 500ई बाहेरच्या स्पीकरमधून पेट्रोल इंजिनाचा आवाज काढते. ह्युंदाई आयोनिक 5 एन मोटरचा जोर तोडून-जोडून गिअर बदलल्याचा भास देते. त्यांना केवळ नाटक म्हणून मोडीत काढू नये. इंजिनाचा चढता स्वर आणि गिअरची पायरी यांतून चालकाला काट्याकडे न पाहता वेगाचा अंदाज येत असे. तो संवाद विजेच्या गाडीत हरवतो, आणि तो परत आणण्याचा हा प्रयत्न आहे.

पुढचा मार्ग बॅटरीच्या किमतीवर अवलंबून आहे. 2010 मध्ये किलोवॅट-तासामागे हजार डॉलरहून अधिक असलेली बॅटरी-संचाची सरासरी किंमत 2024 पर्यंत सुमारे 115 डॉलरवर आली. लोह-फॉस्फेट हा लिथियम बॅटरीचा प्रकार आणखी स्वस्त पडतो, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी तो जड असतो. त्यामुळे मोठ्या बॅटरीला आणखी ताकद जोडत जाण्यापेक्षा लहान बॅटरीचा रस्ता अधिक आशादायक दिसतो. 27.5 किलोवॅट-तासांच्या बॅटरीची नवी रेनो ट्विंगो 20,000 युरोंच्या आतली आणि सुमारे 1,200 किलोची आहे. तिची 82 अश्वशक्ती चपळ गाडीला अपुरी आहे. शिवाय लहान बॅटरीतून एकदम फार ताकद खेचता येत नाही, आणि जोरात चालवल्यास पल्ला झपाट्याने घटतो. तरी 1976 च्या जीटीआयला 110 अश्वशक्ती पुरली होती, आणि तेवढी ताकद या आकाराच्या गाडीत बसवणे विद्युत मोटरला अवघड नाही.