गेम फुकट, नशीब विकत: कोरियातील आणि पाश्चात्त्य देशांतील ऑनलाइन गेमचे अर्थकारण

पर्ल अ‍ॅबिस या कोरियन कंपनीचा ‘ब्लॅक डेझर्ट’ हा गेम कोरियात विनामूल्य खेळता येत होता. मार्च २०१६ मध्ये तो युरोप-अमेरिकेत आला तेव्हा मात्र खेळाडूंना तो आधी विकत घ्यावा लागला. गेम तोच असताना पैसे घेण्याची रीत बदलावी लागली, याचे कारण दोन्हीकडच्या खेळाडूंच्या हिशेबाच्या सवयींत आहे, आणि त्या सवयी कितीतरी आधीच पडल्या होत्या.

कोरियात जपानी सांस्कृतिक मालावर दीर्घकाळ निर्बंध होते. ते १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठले. त्या निर्बंधांमुळे टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांनी तेथे कधी खोल मूळ धरले नाही. त्यातच १९९७ च्या आर्थिक संकटानंतर गल्लोगल्ली ‘पीसी बँग’ म्हणजे तासाच्या भाड्याने संगणक देणारी केंद्रे उघडली आणि वेगवान इंटरनेटही झपाट्याने पसरले. तासाला साधारण हजार वॉन मोजून मित्रांसोबत खेळणाऱ्या मुलाला गेमची डबाबंद प्रत घेण्याचे काही कारणच नव्हते. एनसीसॉफ्टच्या ‘लिनेज’ (१९९८) या गेमची वैयक्तिक मासिक वर्गणी २९,७०० वॉन होती खरी, पण कंपनी पीसी बँगच्या मालकांकडूनही पैसे घेत असे, आणि तेथे बसून खेळणाऱ्याला वेगळी वर्गणी पडत नसे.

अमेरिकेत गेम ही दुकानातून आणायची वस्तू होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) साठी तिथला खेळाडू आधी खोक्याचे सुमारे ५० डॉलर देई आणि वर दरमहा १४.९९ डॉलर क्रेडिट कार्डावरून भरी. एवढे भरल्यावर आतले सगळे खेळाडू सारखेच, पुढे ज्याने त्याने मेहनतीने मिळवावे, ही धारणा तिथे घट्ट बसली.

कोरियात वर्गणीच्या रीतीला पहिला धक्का नेक्सॉनच्या ‘क्विझक्विझ’ या १९९९ मधल्या प्रश्नमंजूषेने दिला. मासिक वर्गणी लावताच खेळाडू पांगले. तेव्हा कंपनीने प्रवेश मोफत केला आणि पडद्यावरच्या पात्रांचे कपडे व सजावट विकायला काढली. शाळकरी मुलांकडे क्रेडिट कार्ड नसले तरी काही अडत नव्हते, कारण मोबाइलच्या बिलातून किंवा भेटकूपनातून छोटी रक्कम भरता येत असे. पुढे ‘मेपलस्टोरी’ने (२००३) हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली आणि विक्रीच्या मालात कपड्यांसोबत नशीबही आले, म्हणजे आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्या.

नशीब विकण्याचे गणित खरेदीदाराला सहसा उलगडत नाही. एखादी तलवार निघण्याची शक्यता १ टक्का असेल, तर शंभर पेट्या उघडल्यावर ती मिळणारच असे मनात येते. प्रत्यक्षात शंभर पेट्या उघडणाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने परततात, आणि ९९ टक्के खात्री हवी असेल तर ४५९ पेट्या उघडाव्या लागतात. बक्षीस कितव्या प्रयत्नाला मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी तीच कृती चिवटपणे करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांत दाखवले होते. जुगाराच्या यंत्राची ओढ याच तत्त्वावर चालते.

पाश्चात्त्य कंपन्याही या वाटेने गेल्याच. मात्र दोन्हीकडच्या खेळाडूंचा राग वेगवेगळ्या गोष्टींवर निघाला, आणि मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो तो हाच फरक. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ मधील पेट्यांतून खेळातली ताकदच विकत मिळते असे दिसताच एवढा गदारोळ झाला की, ईए कंपनीने अधिकृत प्रकाशनाच्या तोंडावर ती खरेदीच तात्पुरती बंद केली. तक्रार होती ती पैशाने जिंकता येण्याबद्दल. कोरियात २०२१ मध्ये खेळाडूंनी विजेचे फलक लावलेले ट्रक कंपन्यांच्या दारात उभे केले, ते आकडे लपवल्याबद्दल. ‘मेपलस्टोरी’त हत्याराचे गुण नशिबाच्या भरवशावर बदलणारा ‘क्यूब’ विकला जाई. लोकप्रिय गुण कमी वेळा निघावेत असा बदल सप्टेंबर २०१० मध्ये गुपचूप करण्यात आला, आणि २०११ पासून तर काही हवेहवेसे तिहेरी संयोग (एकच गुण तीनदा एकत्र येणे) निघण्याची शक्यता चक्क शून्य होती. जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या स्पर्धा आयोगाने नेक्सॉनला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड ठोठावला.

कायदेही त्याच वळणाने गेले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना सरळ जुगार ठरवले; कोरियाने विक्री चालू ठेवली, पण २२ मार्च २०२४ पासून प्रत्येक शक्यतेचा आकडा जाहीर करणे बंधनकारक केले. आकडा छापला म्हणून ओढ कमी होते असे मला वाटत नाही. निदान फसवणूक तरी पकडता येते.

आपल्याकडची मुले ज्याच्या ‘रॉयल पास’साठी घरी हट्ट धरतात तो ‘बीजीएमआय’ हा मोबाइल गेम क्राफ्टन या कोरियन कंपनीचाच आहे. ठरलेली रक्कम भरून, खेळत राहून, ठरलेली बक्षिसे मिळवण्याची ही पासची पद्धत ‘फोर्टनाइट’ने पाश्चात्त्य बाजारात लोकप्रिय केली होती. पुढे ‘लिनेज’ मालिकेतील नशीब-विक्रीवर गब्बर झालेल्या एनसीसॉफ्टनेही डिसेंबर २०२३ मध्ये ‘थ्रोन अँड लिबर्टी’ कोरियात आणला तेव्हा नशिबाच्या पेट्या वगळून अशाच पासवर भर दिला. पुढच्या ऑक्टोबरात अ‍ॅमेझॉनमार्फत तो पाश्चात्त्य देशांत गेला.