राजूला काजू का चालत नाही

जुलैतला पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी खाली उतरत होता आणि आम्ही दोघी ओटीवर आंब्याचे रिकामे खोके कापत बसलो होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात हंगाम संपला की घराघरांत असे दोन-चार खोके उरतातच. शेजारची पाच वर्षांची मुलगी माझी जोडीदार. तिला अजून वाचता येत नव्हतं. खेळ साधा होता. मी एक शब्द म्हणायचा, मग एकेक करत आणखी शब्द. पहिल्या शब्दाशी यमक जुळलं तर तिनं करवंटीत एक चिंचोका टाकायचा.

"काजू," मी म्हटलं. मग "बाजू". चिंचोका पडला. "लाजू." तोही पडला. "राजू." तिचा हात हवेतच थांबला. दोनदा शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला आणि मान हलवून म्हणाली, "ह्यो बसना नाय."

मी म्हणणार होते, बसतो की! शेवटचं अक्षर तेच, त्याच्या आधीचा 'आ' तोच. मग मीही चारही शब्द सावकाश म्हणून पाहिले. काजू, बाजू, लाजू यांतला 'ज' जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकवून येतो, 'जाळं'मधल्यासारखा. राजूमधला 'ज' मात्र जीभ टाळूला लावून येतो, 'जीव'मधल्यासारखा. मराठी लिपी या दोन आवाजांना एकच अक्षर देते. वाचता येणाऱ्या मला ते अक्षर दिसत होतं, म्हणून मी फसले. तिला फक्त आवाज ऐकू येत होता, म्हणून तिचं बरोबर होतं.

वाचन शिकण्याची सुरुवात कानापासून होते, हे बालशिक्षणात आता पक्कं मानलं जातं. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या हातात लाकडाची छोटी काठी दिली. शब्द ऐकायचा आणि त्यात जितके तुकडे असतील तितके ठोके मेजावर द्यायचे. शब्दाचे मोठे तुकडे, म्हणजे 'ना-रळ' म्हणताना आपसूक पडतात तसे, चार वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांना मोजता आले. पण एकेक सुटा ध्वनी मोजायला सांगितल्यावर त्या वयाच्या एकालाही जमलं नाही. सहा वर्षांच्या मुलांत मात्र सत्तर टक्क्यांना तेही जमलं. मधल्या काळात ती मुलं वाचायला शिकत होती, हे महत्त्वाचं.

मोठा तुकडा आणि सुटा ध्वनी यांच्या मध्ये कुठेतरी यमक येतं. 'होडी' आणि 'गोडी' जुळतात असं मूल म्हणतं, तेव्हा त्यानं नकळत शब्दाचा पहिला व्यंजनध्वनी बाजूला काढलेला असतो आणि उरलेलं सारखं आहे हे ओळखलेलं असतं. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली याच ओळखण्यावर एक गाजलेला अभ्यास छापला. चार-पाच वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांना तीन-चार शब्द ऐकवून न जुळणारा शब्द काढायला सांगितला, अगदी आमच्या राजूसारखा. ज्यांना ते चांगलं जमलं ती मुलं पुढे वाचनातही पुढे राहिली. मग ज्यांना जमत नव्हतं अशा ६५ मुलांचे गट करून दोन वर्षांत चाळीस सत्रं घेतली. काहींना फक्त आवाजांचे खेळ दिले. काहींना आवाजांबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळायला दिली. सर्वांत जास्त प्रगती या दुसऱ्या गटाची झाली.

पण यमकाचं कौतुक करताना हात थोडा आखडताच ठेवला पाहिजे. व्हॅलेरी म्यूटर, चार्ल्स ह्यूम आणि मार्गारेट स्नोलिंग यांनी इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच आलेल्या ९० मुलांचा दोन वर्षं माग काढला आणि २००४ साली निष्कर्ष छापले. वाचन कसं होईल याचा अंदाज अक्षरांच्या ओळखीवरून आणि सुट्या ध्वनींच्या जाणिवेवरून बांधता आला, नुसत्या यमकावरून नाही. मला यात विरोध दिसत नाही. गाणी म्हणवून घेऊन थांबलो तर मूल उंबऱ्यावरच राहतं. यमकातून आत, सुट्या ध्वनीपर्यंत, त्याला नेलं पाहिजे आणि त्या वाटेवर हातात अक्षर हवं.

इथे मराठीची गोष्ट इंग्रजीपेक्षा वेगळी होते. बाजारात मिळणारे बहुतेक यमकखेळ इंग्रजीच्या साच्यातले असतात: पहिलं अक्षर फिरवायचं, बाकीचा शब्द जागेवर. मराठीत तसाच साचा बनवला तर 'डी' जागेवर ठेवून 'हो', 'गो', 'जो', 'घो', 'थो' अशी अख्खी अक्षरं फिरवावी लागतात. म्हणजे यमकाचा अर्धा भाग, तो 'ओ', फिरत्या पट्टीवर जातो आणि मुलाच्या नजरेतून निसटतो. आपलं अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर यांची एकत्र बांधलेली मोळी आहे. यमक नेमकं त्या मोळीच्या आत कापतं.

ही मोळी सोडवणं मुलांना सोपं नसतं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवलं, की अक्षर ऐकून ओळखणं त्यांना लवकर जमतं, पण अक्षराच्या आतला सुटा ध्वनी ओळखायला वेळ लागतो. कन्नड लिपीची घडण देवनागरीसारखीच आहे. आपल्याकडेही पहिलीतलं मूल बाराखडी घडाघडा म्हणतं, पण 'हो'मधून 'ह' काढला तर काय उरतं असं विचारलं की गप्प होतं.

म्हणून मी साचा उलटा केला. खोक्याच्या पुठ्ठ्याची वीतभर लांब पट्टी घेतली. तिच्या डाव्या टोकाला आगपेटीएवढी खिडकी कापली. खिडकीच्या उजव्या कडेला चिकटून आधी काना आणि मात्रा, मग 'डी' असं जाड लिहिलं. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर एकाखाली एक ह, ग, ज, घ, थ लिहून ती पट्टी मागून वर-खाली सरकेल अशी बसवली. आता काना-मात्रा हलत नाही, फक्त व्यंजन बदलतं. पट्टी सरकली की होडी, गोडी, जोडी, घोडी, थोडी. 'ओ' तिथेच आहे हे डोळ्यालाही दिसतं आणि कानालाही कळतं. शिरोरेघ मात्र एका ओळीत आणायला हवी, नाहीतर मुलाला अक्षर तुटल्यासारखं वाटतं. पहिल्या दोन पट्ट्या मला त्यासाठीच टाकून द्याव्या लागल्या.

खरी गंमत पहिल्या वेलांटीत आहे. 'खि' लिहिताना वेलांटी खच्या आधी येते आणि बोलताना 'इ' नंतर येतो. डोळा आणि कान यांचा क्रम उलटा. म्हणून या पट्टीत खिडकी मधोमध ठेवली: डावीकडे वेलांटी, उजवीकडे 'ळा' आणि मधल्या भोकात मागून येणारं व्यंजन. विळा, खिळा, टिळा, पिळा, शिळा. आमच्या छोटीनं पट्टी 'व'वर थांबवली, वेलांटीवर बोट ठेवून "इ" म्हणाली, मग 'व' पाहिला आणि 'इवळा' म्हणून स्वतःच हसली. दुसऱ्या खेपेला तिनं बोट आधी 'व'वर ठेवलं आणि तिथून मागे वेलांटीवर नेलं. हा उलट प्रवास वहीत शंभर वेळा गिरवून घेण्यापेक्षा भोकातून अक्षर सरकताना लवकर कळतो असं माझं मत झालं आहे.

साहित्यासाठी बाजारात जायची गरज नाही. लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि गुळगुळीत असतो, त्यावर पेनाची शाई फुटत नाही. सरबताच्या बाटल्यांची झाकणं एकेका व्यंजनासाठी उत्तम. माडाच्या हिरांची जुडी बांधली की ठोके द्यायला काठी तयार. करवंट्या तर हव्या तेवढ्या: तीन उपड्या ठेवा, प्रत्येकीखाली एक चित्र, दोन जुळणारी आणि एक न जुळणारं. सात, हात आणि माड. माड, ताड आणि होडी. जपायच्या गोष्टी दोनच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके किंवा झाकणं देऊ नका, घशात अडकतात. आणि काजूच्या कच्च्या बिया कुणाच्याच हाती देऊ नका. टरफलातल्या चिकानं कातडी भाजते, हे कोकणात कुणाला वेगळं सांगायला नको, पण सुट्टीला आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना ते ठाऊक नसतं.

घरातल्या वस्तूंतून शिकवणं या किनाऱ्याला नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये उत्तर कोकणातल्या बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांचं काम वाढलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांत परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं केली आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर रुळला आहे, त्याचं मूळ या अंगणांत आहे.

आणि पुनर्वापर फक्त खोक्यांचाच होतो असं नाही. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळा भाग तयार होणं शक्यच नव्हतं. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहान यांचं म्हणणं असं, की चेहरे आणि वस्तू ओळखण्याच्या कामी असलेल्या डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातला एक तुकडा वाचायला शिकताना अक्षरांच्या कामाला लागतो. या कल्पनेला त्यांनी नावच चेतापेशींचा पुनर्वापर असं दिलं. पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूचं चित्रण करून त्यांच्या गटानं २०१० साली दाखवलं, की मोठेपणी वाचायला शिकलेल्यांतही हा बदल होतो. मला त्यातली दुसरी नोंद जास्त आवडली: वाचता येणाऱ्यांच्या मेंदूतला आवाज ऐकणारा भागही बोलणं ऐकताना जास्त जागा होतो. कान वाचायला शिकवतो आणि वाचन उलट कानाला धार लावतं.

म्हणूनच घरची बोली खेळातून वगळू नये. मालवणीत यमकांचा साठा आयता आहे: खंय, थंय, हंय, जंय. ही पट्टी करायला सर्वांत सोपी, आणि मुलाला एकाही शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. 'कुठे म्हण, खंय म्हणू नको' असं टोकत बसलो तर ज्या आवाजांवर त्याचा कान तयार झालेला असतो तेच आपण त्याच्या हातून काढून घेतो. प्रमाण शब्द पुढे येतीलच, त्यांची पट्टी वेगळी करावी.

गेल्या आठवड्यात छोटीनं स्वतः पट्टी केली. 'ओडी'च्या खिडकीत तिनं माझ्या यादीत नसलेला 'म' घातला आणि वाचलं, "मोडी." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "असो शब्द असता?" मी काही बोलायच्या आत तिचे आजोबा माजघरात गेले, ट्रंकेतून मोडी लिपीतला जमिनीचा जुना दस्त काढून आणला आणि तिच्यासमोर उलगडला. तिनं त्या वळणदार ओळींवर बोट फिरवलं आणि त्यात 'ह' शोधायला लागली.