कणकेतलं ‘रबर’ आणि हातावरची लंबी रोटी

परवा नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या मावशीचा फोन आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. त्यात कणकेचा गोळा नळाखाली धुतात, पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात चिवट, ताणलं जाणारं काहीतरी उरतं. वर मोठ्या अक्षरांत ‘पिठात प्लास्टिक’. मावशीने लगेच घरच्या पिठावर तेच करून पाहिलं. म्हणाली, ‘‘हे पाय, रबरासारखंच होऊन राह्यलं. पण गहू तर मी स्वतः निवडून चक्कीवर नेला होता. मग प्लास्टिक टाकलं कोणी?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. कोणीच टाकलेलं नव्हतं. तिच्या हातात होतं ते ग्लूटेन, म्हणजे गव्हातलंच प्रथिन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी गव्हाचं पीठ असंच धुऊन हा पदार्थ वेगळा काढला. 1745 साली त्यांचं काम छापून आलं, तेव्हा वनस्पतीतून मिळालेला पदार्थ प्राणिज पदार्थासारखा वागतो याचंच विद्वानांना नवल वाटलं होतं. प्रथिन हा शब्दसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत तर पाण्याचा अंश वगळून मोजलेल्या कणकेत किमान 6 टक्के आणि मैद्यात किमान 7.5 टक्के ग्लूटेन असायलाच हवं. म्हणजे व्हिडिओत भेसळ म्हणून दाखवतात, ती खरं तर गव्हाची ओळख आहे.

कोरड्या पिठात हे ग्लूटेन जाळं होऊन बसलेलं नसतं. तिथे असतात दोन जातींची प्रथिनं, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी लागलं की दोन्ही फुगतात आणि एकमेकांना धरतात. ग्लुटेनिनचे रेणू लांबलचक असतात आणि त्यांच्यात जागोजागी गंधकाचे अणू असतात. एका साखळीतला गंधक दुसरीतल्या गंधकाशी जोडला जातो आणि साखळीला साखळी लागत जाते. यातून कणकेला ताण देऊन सोडल्यावर मागे येण्याचा गुण मिळतो. ग्लायडिनचे रेणू आटोपशीर, गोळा झालेले. ते या साखळ्यांच्या मधे राहून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. एकाने ओढून धरायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं. कणीक तिंबतो तेव्हा आपण ही जाळी उलगडतो, एका दिशेला लावतो, पुन्हा दुमडतो. तिंबल्याबरोबर पोळी लाटली तर ती आक्रसते, कारण साखळ्या ताणलेल्या असतात. कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवली की ताणलेले बंध सुटून सोयीच्या जागी नव्याने जुळतात. आईने ‘‘कणीक मुरू दे’’ म्हटलं की ती याच रसायनशास्त्राला वेळ देत असते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. त्यासाठी नागपूरची लंबी रोटी बघायला हवी. कोणी तिला मटका रोटी म्हणतं, कोणी लांब पोळी. चुलीवर मडकं पालथं घातलेलं असतं. परातीत पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल भिजवलेलं पीठ, आणि बाई ते उचलून आपटते, उचलून आपटते. आधी ते बोटांना चिकटतं, तुटतं. मग एका क्षणी त्याला चमक येते आणि ते परातीतून अख्खंच्या अख्खं उचललं जातं. त्यातला गोळा घेऊन ती दोन्ही हातांवर झुलवते. लाटणं नाही, पोळपाट नाही. स्वतःच्याच वजनाने पीठ खाली उतरत जातं, कोपरापर्यंत पसरतं, पलीकडचा उजेड दिसू लागतो. तरी फाटत नाही!

का फाटत नाही? कुठलीही गोष्ट ताणली की कुठेतरी जराशी पातळ होतेच. साध्या चिखलात ती पातळ जागाच आणखी ताणली जाते, आणखी पातळ होते आणि तुटते. गव्हाच्या पिठात उलटं घडतं. जी जागा जास्त ताणली गेली, तिथल्या ग्लुटेनिनच्या साखळ्या सरळ होऊन ताठ होतात आणि ती जागा आणखी ताणायला नकार देते. मग ताण शेजारच्या जाड भागाकडे जातो. तो पातळ होऊन ताठला की त्याच्या शेजारी. पातळ जागा स्वतःला सावरते आणि जाड जागेला पुढे करते, म्हणून सगळी रोटी आपोआप सारख्या जाडीची होते. पदार्थविज्ञानात याला ताणाने येणारी दृढता म्हणतात. घरी पाव करता तेव्हा यीस्टने तयार केलेल्या वायूचे बुडबुडे टिकतात तेही यामुळेच. बुडबुड्याची भिंत जिथे पातळ झाली तिथेच ती ताठते. (मे महिन्यात, पारा 45च्या आसपास असताना, पावाचं पीठ माठातल्या पाण्याने भिजवा. नाहीतर यीस्ट इतकं धावतं की जाळी बनायच्या आत वायू भरतो.)

ज्वारीला हे वरदान नाही. तिची प्रथिनं अशी जाळी विणत नाहीत, म्हणून भाकरीला उकळतं पाणी लागतं. त्याने स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ बांधून धरतो. पण तो ताणला जात नाही, म्हणून भाकरी थापावी लागते. शंकरपाळ्यात कडकडीत मोहन घालतो ते मात्र मुद्दाम जाळी तोडायला. तूप पिठाच्या कणांवर बसतं, प्रथिनांना पाणी मिळत नाही, शंकरपाळे खुसखुशीत होतात.

‘मैदा आतड्याला चिकटून बसतो’ असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. चिकटून बसायला जागाच कुठे आहे? आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत नवं होतं, आणि शिजलेलं पीठ पाचकरसांनी पचून जातं. मैद्यात कोंडा नाही, तंतू नाहीत, ही त्याची खरी उणीव. सीलिॲक, म्हणजे ग्लूटेन खाल्ल्याने आतड्याला इजा होते तो आजार, खरा आहे आणि जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. त्यांनी गहू टाळलाच पाहिजे, तेही डॉक्टरांकडून तपासून घेऊनच. पण म्हणून सगळ्यांनाच ग्लूटेनची भीती घालून महागडी ‘ग्लूटेनमुक्त’ पाकिटं विकणं मला पटत नाही.

मी मावशीकडे गेले तेव्हा धुतलेला गोळा तिने वाटीत पाण्यात झाकून ठेवला होता, पुरावा म्हणून. वाटीभर पिठातून निघालेला लिंबाएवढा गोळा. त्याचा दोनतृतीयांश भाग पाणीच असतो. नानकटाईसाठी ओव्हन तापत होता, तो 220 अंशांवर नेऊन गोळा आत ठेवला. आतल्या पाण्याची वाफ झाली, वाफेने जाळी ताणली, जाळी ताठली पण तुटली नाही, आणि उष्णतेने तशीच फुगलेली घट्ट झाली. अर्ध्या तासाने मोसंब्याएवढा सोनेरी फुगा बाहेर आला. मावशीने तो कानाजवळ नेऊन बोटाने वाजवला, मग मोडून पाहिला. आतून जवळजवळ पोकळ, आणि कडेला कागदासारखे पापुद्रे. एक तुकडा तिने तोंडात टाकला आणि दुसरा माझ्या हातावर ठेवला.