शाळेतला अपघात आणि 'सानुग्रह' हा शब्द

पुण्यात पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल गंभीर जखमी झालं, की मुख्याध्यापक जुळवाजुळव करतात ती सरकारी मदतीच्या, म्हणजे 'सानुग्रह अनुदाना'च्या प्रस्तावाची: पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, बोनाफाईड. कारणाच्या रकान्यात 'खेळताना पडून'. फाटकाची बिजागरी कधीपासून निखळली होती, हे त्यात येत नाही.

१९६५ साली 'सार्वभौम कार्या'च्या, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेल्या कामाच्या नावाखाली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला नोकरांच्या हलगर्जीपणाच्या जबाबदारीतून मोकळं केलं होतं. शाळांपुरता वारा फिरला तो २००१मध्ये. सहलीत बियास नदीत १४ मुलं बुडाली होती. शिक्षकांच्या बेपर्वाईला शाळाही जबाबदार धरून सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख द्यायला लावले. शाळा खासगी होती, हे मात्र विसरू नये. २००४मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली, त्यानंतर २००९मध्ये शाळांच्या अग्निसुरक्षेचे आदेश आले.

आपल्याकडे खरा गुंता २०१३चा. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आधी विम्याची होती. विमा कंपन्या क्षुल्लक कारणांवरून दावे फेटाळत, म्हणून सरकारने विमा काढून 'सानुग्रह अनुदान' आणलं. पैसे मिळणं सोपं झालं, हे मान्यच. पण विम्यात हक्क होता, अनुग्रहात कृपा आली. २०२२मध्ये मृत्यूची रक्कम ७५ हजारांवरून दीड लाख झाली, शब्द तोच राहिला. योजना चूक कोणाची ते विचारत नाही. त्यामुळे पालकांना काही सिद्ध करावं लागत नाही, आणि शाळेला काही कबूलही करावं लागत नाही. अनुदान घेतल्याने भरपाईच्या दाव्याचा हक्क जातो, असा समज सर्रास आढळतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. घात होतो मुदतीत. पालिकेविरुद्ध दाव्याआधी महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. तेवढा काळ प्रस्तावाच्या त्रुटी दूर करण्यातच जातो.

२०२१मध्ये केंद्राने शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२४च्या बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणानंतर राज्याने सीसीटीव्ही सक्तीचे केले. छळ रोखायला ते हवेतच, पण निर्लेखनाच्या, म्हणजे मोडकळीला आलेली म्हणून पाडण्याच्या मंजुरीची वाट पाहणाऱ्या खोलीत कॅमेरा लावला, तर स्लॅब कोसळताना दिसेल एवढंच.