मेजर कॉर्डमध्ये दडलेलं सप्तक

कीबोर्ड शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगतात: सप्तकातला पहिला, तिसरा आणि पाचवा स्वर एकत्र दाबा, झाली मेजर कॉर्ड. पांढरी एक ही पट्टी सा धरली तर सा-ग-प. मग अनेकांना वाटतं, कुठूनही सुरू करून एकाआड एक स्वर घेतले की मेजरच मिळते. रे-म-ध दाबून पाहा, रंगच बदलतो. ती मायनर.

काळ्या पट्ट्या धरून मोजलं तर सा ते ग चार घरं आणि ग ते प तीन. आधी चार, मग तीन, ही मेजरची खूण. रे ते म मात्र तीनच, कारण ग आणि म यांच्यामध्ये काळी पट्टी नाही. शुद्ध स्वरांत हा हिशेब फक्त तीनदा जुळतो: सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें.

हेच अंतर कानाला का भावतं? १०० हर्ट्झची तार छेडली की तिच्यातून २००, ३००, ४००, ५००, ६०० हर्ट्झचे स्वरही निघतात. त्यातले ४००, ५००, ६०० म्हणजे सा-ग-प! प्रमाण ४:५:६. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो हाच पाचवा अंश, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट हर्ट्झचा स्वर. महत्त्व प्रमाणाला आहे. ‘४३२ हर्ट्झचं संगीत रोग बरे करतं’ असल्या व्हिडिओंना काडीचाही आधार नाही.

आता खरी गंमत. सा २४ धरा. ४:५:६ने ग ३०, प ३६. पंचमावर तीच कॉर्ड रचली की नी ४५, रें ५४, म्हणजे एक सप्तक खालचा रे त्याच्या निम्मा, २७. तिसरी कॉर्ड तार सा म्हणजे ४८वर संपवा: म ३२, ध ४०. ओळीने लावा: २४, २७, ३०, ३२, ३६, ४०, ४५, ४८. तीन कॉर्डमधून अख्खं बिलावल, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांचं सप्तक, उभं राहिलं!

पण रे-ध तपासा. सा-पसारखं २:३ हवं असेल तर २७ला ४०.५ लागतात, आपल्याकडे ४० आहेत. कुठलाही स्वर सा धरला तरी सगळ्याच कॉर्ड नेमक्या प्रमाणात ठेवणं बारा स्वरांत जमत नाही. म्हणून आजच्या कीबोर्डवर आणि बहुतेक हार्मोनियमवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्याची किंमत गांधार मोजतो. सा २४० हर्ट्झ असेल तर ४:५ प्रमाणातला ग ३००, पेटीचा ३०२.४. सा चा पाचवा अंश १२००, या ग चा चौथा सुमारे १२०९.५, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा वेळा आवाज थरथरतो. या थरथरीतूनच स्वरांचा खरखरीतपणा येतो, असं जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये मांडलं. पंचम मात्र ३६०ऐवजी ३५९.६, तिथली थरथर सेकंदाला एकदाही पुरी होत नाही. पेटीचा पंचम खपून जातो आणि गांधार तयार कानाला खटकतो, तो यामुळे.